सुमनचा समुद्र

माझं माहेर भडगावचं, गिरणेच्या काठचं. काठचं काय म्हणते, नदीतलंच म्हणा ना, कारण आमच्या नानांची, म्हणजे माझ्या वडलांची, टरबुजाची वाडी होती आणि ती नदीच्या वाळूतच असायची. दिवाळी सरली, पाणी एका अंगाला गेलं की नाना वाळूत चर पाडायचे, खत भरायचे, बी टाकायचे, आणि उन्हाळाभर आम्ही बठ्ठे, म्हणजे सगळे, तिथंच झोपडी घालून राहायचो. नाना, मी आणि माझी धाकटी बहीण सुमन. आई गेली तेव्हा सुमन दोन वर्षांची आणि मी नऊ वर्षांची. सुमन माझ्या कडेवर वाढली. माझी शाळा तिसरीत सुटली ती तिला सांभाळायची म्हणून, आणि ती मॅट्रिक झाली. हे मी आधीच सांगून टाकते भाऊ, कारण पुढचं बठ्ठं इथूनच निघालं. तिच्यावर माझा जीव होता आणि तिच्यावर मी जळायचे, दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही एकाच वेळी खरं आहे.

पाण्याचं म्हणाल तर पाणी मला कळायचं. नाना सांगायचे, वर आभाळ शे का देख, मग पानीमा पाय टाक, म्हणजे ढग आहेत का बघ आणि मग पाण्यात पाय टाक. गिरणेचं पाणी काही इथं पडलेल्या पावसानं चढत नाही, वर नाशिककडच्या डोंगरात पाऊस झाला की चढतं. तर आम्ही उगवतीला नाही, मावळतीला बघायचो. तिकडे काळं दिसलं की टोपल्या डोक्यावर घ्यायच्या आणि वाडी सोडायची, आणि तिकडे निरभ्र असलं की मग दिवसभर पाण्यात लोळा, काही होत नाही. सुमनला पोहायला मीच शिकवलं. माझ्या पदराला धरून शिकली ती.

मग माझं लग्न झालं, भुसावळला दिलं मला. आमचे हे रेल्वेत फायरमन, इंजिनात कोळसा टाकायचे. एका खोलीचं क्वार्टर, उन्हाळ्यात भिंती अशा तापायच्या की लेकरांना ओल्या गोणपाटावर निजवायचे. राजू आणि लता, दोन लेकरं. नळाला पाणी सकाळी तासभर. आणि सुमनला मिळाला ओव्हरसियर, धुळ्याचा, सरकारी बांधकाम खात्यातला. मला काही वाटलं नाही असं म्हणणार नाही. वाटलं. पण वर्षभरात त्यांची बदली झाली अंदमानला, आणि भडगावात बायका रडायला आल्या की पोरगी काळ्या पाण्याला चालली. मीबी रडले. खोटं कशाला बोलू तुम्हाला, रडता रडता आतून जरा बरं वाटलं. म्हटलं शिकली तेवढी शिकली, आता कळेल. माणसाचं मन कसं असतं बघा.

पण तिची पत्रं यायला लागली. आणि एका पत्रात फोटो. तिचा मुलगा बंटी, नुसत्या चड्डीवर, पांढऱ्या शुभ्र वाळूत बसलेला, हातात शंख, मागे पाणीच पाणी. क्वार्टरमधल्या बायकांनी तो फोटो हातोहात बघितला. पत्र आमचे हे वाचून दाखवायचे. अक्का, इथं लेकरांना घेऊन जायला तीन किनारे आहेत, ती लिहायची. दवाखान्यामागचा लहान्यांना चांगला, पुढं दगडांची रांग असल्यानं लाट आत येत नाही, गुडघ्याएवढं पाणी, पण तळाला चिखल शे. दुसऱ्या किनाऱ्यावर पाण्याखाली धारदार खडक, लेकरांचे पाय कापतात. तिसरा माडांखालचा पांढऱ्या वाळूचा, दिसायला फार चांगला, पण तिथं लेकरांना घेऊन माहीतगार माणसानंच जावं. असं बठ्ठं लिहायची. हे वाचायचे आणि मी भाकरी थापत ऐकायचे. मनात म्हणायचे, कालपर्यंत माझ्या पदराला धरून पाण्यात उतरत होती आणि आता मला पाण्याचं शिकवते.

पाकिस्तानशी लढाई संपली त्याच्या दुसऱ्या वर्षी सुमनला पुन्हा दिवस गेले. बाळंतपण माहेरी करायची रीत, पण माहेरी आई कुठे होती, आणि चार दिवसांचा बोटीचा प्रवास तिला डॉक्टरनं मना केला. तेव्हा ती लिहिते, अक्का, तू ये. मन्ही माय तूच शे. आता अशा पत्राला नाही म्हणता येतं का? ह्यांना रेल्वेचा पास होता, कलकत्त्यापर्यंत आले सोडायला, आणि तिथून मी, दोन लेकरं आणि एक पत्र्याची पेटी. पेटीत डिंक, खारीक-खोबरं, मेथ्या, बाळंतशेपा, ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ. बोटीत खालच्या तळाला जागा, पहिले दोन दिवस मी आणि लता नुसत्या ओकत होतो आणि राजू इकडून तिकडे पळत होता.

घर बघितलं आणि माझं तोंड उतरलं. लाकडाचं घर, पण दोन खोल्या, ओटा, मागे माड, आणि ओट्यावरून समुद्र दिसायचा. तिचा नवरा तिला चहा करून द्यायचा. सुमन म्हणायची, अक्का, तू दमली व्हशी, बस. मी बसायचेच नाही. मी आल्या दिवसापासून कामाला लागले ते तिला दाखवायला की माझ्यावाचून तुझं चालत नाही.

मुलगी झाली, बाळंतपण सुखरूप झालं. मग माझं राज्य. सकाळी तेल लावायचं, कडक पाण्यानं न्हाऊ घालायचं, पोट बांधायचं, खाटेखाली शेगडी, डोक्याला फडकं. तिथं हवा अशी दमट की घामानं ती न्हाऊन निघायची, म्हणायची, अक्का, हाई शेगडी नको. मी ऐकलं नाही. सव्वा महिना बाळंतिणीनं गार पाण्याला शिवायचं नाही, वाऱ्यात बसायचं नाही, हे आपल्याकडचं, आणि समुद्र असला तरी बाळंतीण ती बाळंतीणच. सुमननं बठ्ठं मुकाट ऐकलं.

आता माझ्या लेकरांचं सांगते. रविवारी सुमनचा नवरा तिन्ही लेकरांना घेऊन जायचा, कुठं, तर दवाखान्यामागच्या किनाऱ्यावर. मीबी एकदा गेले. तळाला चिखल, शेवाळ, गुडघ्याएवढं पाणी, म्हशी धुवायच्या डोहासारखं. राजू म्हणे, आई, फोटोतला समुद्र कुठं आहे? बस, तेवढंच पुरलं मला. म्हटलं यांच्या बंटीला पांढरी वाळू आणि माझ्या लेकरांना चिखल. एवढ्या लांबून, उलट्या करत आलो आम्ही, आणि चांगला किनारा हिनं आपल्या लेकराला राखून ठेवला. तुम्ही हसाल, पण मला तेव्हा तसंच वाटलं आणि त्या दिवशी मी जेवलेही नाही.

सतरावा दिवस. दुपारची वेळ, तिचा नवरा कामावर. मी म्हटलं, पोरांना माडांखाली नेऊन आणते. ती खाटेवरून उठून बसली. अक्का, तठे नको जाऊ. तठे भरती ऊनी म्हणजे पानी मांगेतून फिरस. येळ देखीसन जानं पडस. म्हणजे भरती आली की तिथं पाणी मागून फिरून येतं, वेळ बघून जावं लागतं. भिंतीवर कॅलेंडर होतं, त्याच्यावर तिच्या नवऱ्यानं पेन्सिलीनं रोजच्या भरतीच्या वेळा लिहिलेल्या, तिकडे ती बोट दाखवायला लागली. मला वाचता येत नाही हे तिला माहीत, आणि ती मला भिंतीवरचं वाचायला सांगते. मी म्हटलं, पानीले काय घड्याळ समजस का? आणि वर बरं म्हणून टाकलं. तिचा डोळा लागला तशी तिन्ही लेकरांना घेऊन निघाले. रस्ता बंटीनं दाखवला, पाच वर्षांचं पोर, तिथं हिंदीच बोलायचं, मावशी इधर, मावशी उधर.

काय सांगू तुम्हाला, काय जागा होती. पिठासारखी वाळू. आणि पाण्यात थोडं आत, घोट्याएवढ्या पाण्यातून चालत गेलं की वाळूचा एक उंचवटा, अगदी आमच्या गिरणेतल्या वाडीसारखा. मी लेकरांना तिथंच नेलं. बसायच्या आधी मी रीतसर आभाळ बघितलं. चारी अंगांनी बघितलं. एक ढग नाही. म्हटलं आता संध्याकाळपर्यंत काळजी नाही. राजू किल्ला करत होता, लता शंख वेचत होती, बंटी तिला शंखांची नावं सांगत होता, आणि मी पदर कमरेला खोचून पाय पाण्यात सोडून बसले. मनात म्हटलं, बघ सुमन, तुझा समुद्र मलाबी कळतो. इतकं सुख मला त्या बेटावर तेवढंच झालं.

बंटीनंच सांगितलं. मावशी, पानी आ गया. मी समोर बघितलं, समोर तर काही नाही. मग मागे बघितलं तर ज्या वाटेनं आलो ती वाटच नाही. घोट्याएवढं होतं तिथं लता बुडेल एवढं पाणी, आणि ओढ होती त्याला. वर आभाळ स्वच्छ. माझं डोकंच चालेना की पाऊस नाही, पूर नाही, तर हे पाणी आलं कुठून. लता रडायला लागली.

तीन लेकरं आणि माझे दोन हात. मी लताला काखेत घेतलं, राजूला पाठीवर घेतलं आणि बंटीला म्हटलं, तू इथंच उभा राहा, मी आलेच. भाऊ, हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. आमच्या ह्यांनाही नाही, ते गेले तोवर नाही. मी कोणत्या दोघांना उचलायचं याचा विचार केला असता तर गोष्ट वेगळी. मी विचारच केला नाही. हात आपोआप माझ्या लेकरांकडे गेले.

छातीएवढ्या पाण्यातून मी काठाला लागले, दोघांना वाळूवर टाकलं आणि मागे वळले. वळले होते, देवाशपथ वळले होते, पण माझ्या शेजारून कुणीतरी पाण्यात शिरलं. सुमन. डोक्याला फडकं बांधलेलं, पोटाला पट्टा बांधलेला, तशीच. तिला जाग आली, घरात लेकरं नाहीत, भिंतीवरची वेळ बघितली, तान्हीला शेजारणीच्या ओटीत टाकलं आणि पळत आली होती. तिनं बघितलं ते एवढंच, की अक्का आपल्या दोन लेकरांना घेऊन काठावर आहे आणि तिचा बंटी तिकडे एकटा उभा आहे, गुडघ्यापर्यंत पाण्यात, मावशीनं सांगितलं म्हणून जागचा न हलता. मी तिच्या मागे गेले, तर ती वळून म्हणाली, पोरेसजवळ थांब. गार पाण्यात गळ्यापर्यंत गेली माझी बाळंतीण, सतराव्या दिवशी, आणि त्याला खांद्यावर घेऊन परत आली.

मला वाटलं आता बोलेल, आता मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं बंटीचं डोकं पदरानं पुसलं, मग लताचं पुसलं, आणि म्हणाली, चाल अक्का, घर चाल. पोरेस्ले भूक लागनी व्हई. वाटेत एकदाच बोलली, की बंटीच्या वडलांना सांगू नको, ते तुला बोलतील आणि मला ते ऐकवणार नाही.

तिसऱ्या दिवसापासून ताप. आठ दिवस अंग फणफणत होतं, दूध गेलं, तान्हीला वरचं दूध द्यावं लागलं. ताप उतरला, पण कंबर धरली ती कायमची. नवऱ्याला तिनं सांगितलं, न्हाणीत पाय घसरून गार पाण्यात बसले. मी ऐकत ऐकत शेगडी फुंकत राहिले.

आता तिचा नवरा रिटायर झाला, धुळ्याला घर बांधलं त्यांनी. मी जळगावला राजूकडे असते. लग्नकार्यात भेटी होतात. ती कमरेत वाकून चालते, बसताना उशी लागते, आणि कुणी विचारलं की सांगते, आमच्या हाडातच आहे ते, पण बाळंतपण म्हणाल तर माझं अक्कानं केलं, आईनं केलं नसतं असं. बठ्ठ्यांच्या समोर सांगते. बायका माझ्याकडे बघतात, कुणी पायाबी पडतात. बंटी तर प्रत्येक वेळी वाकून नमस्कार करतो आणि माझ्यासाठी खुर्ची घेऊन येतो. त्याला काही आठवतं का, हे विचारायची माझी छाती होत नाही.

तुम्ही लिहून घेता म्हणून बरं झालं. माझ्या तोंडून तिच्यासमोर हे निघत नाही, पण ती वाचते, पेपर वाचते, पुस्तकं वाचते. लिहा तुम्ही, की तिची कंबर माझ्यामुळे गेली, आणि मी तिच्या लेकराला मागे ठेवलं. आणि हेबी लिहा की इतकी वर्षं तिनं मला झाकलं त्याचाही मला हेवाच वाटतो, कारण तिच्या जागी मी असते तर मी झाकलं नसतं, मी गावभर केलं असतं. मला माझं माहीत आहे.

रोज दिवा लावते तेव्हा म्हणते, देवा, माझं उरलंसुरलं आयुष्य सुमनला दे. मनापासून म्हणते, खोटं नाही. आणि म्हणून झालं की हात जोडलेलेच असतात आणि मनात येतंच, घ्या, हेबी तिलाच.