तिच्या बाजूचं दार

दुकानदार : …आणि हे सिरॅमिक कोटिंग. एकदा मारलं की माशीसुद्धा घसरून पडते, ताई. बॉनेटमध्ये बघून भांग पाडा खुशाल. आणि हे बफिंगचं मशीन…

सून : हळू हो. आत्ता कुठे डोळा लागलाय हिचा.

दुकानदार : अरे, खांद्यावर बाळ आहे होय! बरं, हळू सांगतो. तर मशीनबरोबर तीन पॅड येतात. एक खरखरीत, एक मध्यम आणि एक असं मऊ, की उशी करून झोपा.

सून : मशीन नको मला. कोटिंगही नको. असं काहीतरी द्या, जे रोज घासलं तरी रंगाला काही होणार नाही.

दुकानदार : रोज? गाडी आहे की पितळेचं पातेलं? वर्षातून दोनदा पॉलिश केलं तरी डोक्यावरून पाणी.

सून : रोजच. सकाळचा चहा झाला की बसायचं ते जेवायला हाका मारेपर्यंत.

दुकानदार : अख्खी गाडी?

सून : एकच दार.

दुकानदार : कोण घासतं?

सून : माझे सासरे. ते काय, गाडीत मागे, पलीकडच्या बाजूला बसलेत. असं मान लांब करून बघू नका, त्यांना लगेच कळतं.

दुकानदार : नाही बघत. लावतात काय ते?

सून : हे. रिकामी डबी मुद्दाम आणलीय, तुम्हाला दाखवायला.

दुकानदार : बाप रे. ताई, हे पॉलिश नाही, रबिंग कंपाउंड आहे. यात रवा असतो, बारीक वाळूसारखा. ओरखडा भरत नाही हा, आजूबाजूचा रंगच खरवडून ओरखड्याच्या पातळीला आणतो. एखाद्या वेळी ठीक आहे. रोज म्हणजे वरचा काचेसारखा थर कधीच उडाला असेल.

सून : तो उडाला, त्याखालचा रंगही उडाला. हातभर जागेत करडा प्रायमर दिसायला लागलाय.

दुकानदार : आणि तरी लावू देता? डबी लपवा की.

सून : लपवली होती. तर ओट्याखालची भांडी घासायची पावडर घेऊन बसले.

दुकानदार : मग साधं वॅक्स न्या. मेण हो. हे काही काढून घेत नाही, नुसतं वर बसतं. जन्मभर चोळलं तरी रंग जागचा हलायचा नाही.

सून : त्यांना कळेल. उभं आयुष्य गाड्या रंगवण्यात गेलंय त्यांचं. डबी उघडली की आधी वास घेतात. मग चिमूटभर दोन बोटांत धरून कानाशी नेतात आणि चोळतात. रवा वाजतो म्हणे.

दुकानदार : म्हणजे गिऱ्हाईक नाही, परीक्षक घेऊन आलात तुम्ही. पण काय हो, एकच दार का?

सून : त्या बाजूला माझ्या सासूबाई बसायच्या.

दुकानदार : अच्छा.

सून : दवाखान्यातून घरी सोडणार होते त्यांना. बाबांनी उजाडल्यापासून गाडी घासायला घेतली. बॉनेट झालं, मागचं झालं, स्वतःच्या बाजूचं झालं. सासूबाईंच्या बाजूचं दार तेवढं राहिलं. कंपाउंड लावून झालं होतं, नुसतं पुसायचं होतं. तेवढ्यात फोन आला.

दुकानदार : सोडलं म्हणून?

सून : नाही. ते कंपाउंड दारावर तसंच वाळून पांढरं पडलं होतं. कुणाला सुचतंय पुसायला? पुढे बाबांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग रस्ते, मग माणसं. मला ओळखतात, माझ्या नवऱ्याला कधी ओळखतात, कधी नाही. सगळं विसरले हो, पण ते दार राहिलंय हे काही विसरले नाहीत.

दुकानदार : काकू गेल्या, हे सांगितलं नाहीत त्यांना?

सून : सांगितलं ना. दर वेळी पहिल्यांदाच ऐकतात. नणंदेनं सांगितलं, तर तिलाच विचारलं, 'अगं, मला कसं कळवलं नाही कुणी?' तेव्हापासून आम्ही तोंड उघडत नाही. दुपारी म्हणतात, चल, तिला आणायला जायचंय. मी हिला घेते, त्यांना बसवते, एक चक्कर मारते. परत येईपर्यंत कुठे निघालो होतो ते विसरलेले असतात.

दुकानदार : आणि घरचे काय म्हणतात?

सून : हे म्हणतात, गाडी विकून टाकू, डोळ्यांसमोर नको. मी म्हटलं, मग बाबा आईंना आणायला कशातून जातील? तर हसले. हसले आणि बाथरूममध्ये गेले, ते बराच वेळ बाहेरच आले नाहीत.

दुकानदार : ताई, खरं सांगू? रंग पुन्हा मारता येतो. एका दाराचं काय ते.

सून : रंगाचं नाही हो. घरी गाडी पत्र्याखाली असते, अंधारात. तिथे त्यांना दिसत नाही. पण नजर अजून पक्की आहे. एक दिवस उजेडात दिसेल आणि कळेल, की तिच्याच दाराची ही दशा आपल्या हातांनी झाली. आयुष्यभर कुणाच्या गाडीला डाग लागू दिला नाही त्यांनी. ते कळलं ना, तर त्यांचे हातच थांबतील. आता हातांशिवाय आहे काय त्यांच्याकडे?

दुकानदार : थांबा. आणा ती रिकामी डबी. तिच्यातच वॅक्स भरतो. वरून टर्पेंटाईनचे दोन थेंब, म्हणजे वासाला तरी…

सून : भरा लवकर. उतरले ते.

दुकानदार : कुठल्या बाजूनं?

सून : पलीकडून. देवा, इकडच्या, त्या दाराच्या बाजूनं येऊ नयेत.

सासरे : सूनबाई, किती वेळ हा? चारला सोडणार आहेत तिला. दवाखान्यातली माणसं कुणासाठी थांबत नाहीत, पलंग रिकामा करायला लावतात.

सून : झालंच, बाबा.

दुकानदार : या काका, या. तुमचंच कंपाउंड भरतोय. ताजा माल.

सासरे : आण इकडे. … हं. टर्पेंटाईन वरून टाकलंयस. … आणि रवा कुठे पळाला यातला?

दुकानदार : नवीन प्रकार आहे, काका. रवा जरा बारीक…

सासरे : बारीक कसला, नाहीच. मेण आहे हे. आज मेणाला कंपाउंड म्हणतोस, उद्या लोण्याला चुना म्हणशील.

दुकानदार : चुकलं, काका.

सासरे : चुकलं कसलं, धंदा आहे तुझा. पण माझ्या सुनेला गंडवू नकोस, ती भोळी आहे. मी उभा राहतो बाहेर. ऊन छान पडलंय, गाडीला एक नजर टाकतो.

सून : बाबा, इथे बसा ना, हे स्टूल घ्या. बाबा! अहो, बाबा…

(बाहेर, गाडीपाशी. ऊन दारावर तिरकं आलेलं.)

सासरे : हे कुणी केलं?

सून : चला, बाबा, उशीर होतोय.

सासरे : मी काय विचारतोय? इकडे बघ. प्रायमर वर आलाय. कुठल्या गाढवानं हात लावला माझ्या गाडीला?

दुकानदार : काका, उन्हानंही कधी कधी रंग…

सासरे : तू गप रे. ऊन काय गोल गोल पडतं? हाताच्या फेऱ्या दिसताहेत या. एकाच जागी घासलंय, पुन्हा पुन्हा. वर जाताना दाब, खाली येताना सैल. असा हात… असा हात मी कुठंतरी पाहिलाय.

सून : माझा आहे.

सासरे : काय?

सून : मी केलं, बाबा. दुपारी तुम्ही झोपता ना, तेव्हा. तुमची डबी घेतली. आई घरी येणार, म्हटलं त्यांचं दार चकचकीत असावं. मला वाटलं, जितकं घासू तितकं चमकेल.

सासरे : तू केलंस?

सून : मला कुठं काय कळतं यातलं?

सासरे : रोज घासत होतीस?

सून : हो.

सासरे : वेडी गं वेडी. … बरं, रडू नकोस. पोर उठेल. दे, तिला माझ्याकडे दे.

सून : धराल नीट?

सासरे : तुझ्या नवऱ्याला मीच धरलंय या हातांनी. … हं. अशी. हे बघ, सूनबाई, नवख्या माणसाचं असंच होतं. चमक दिसेना की हात जोर करतो. जोर केला की उरलीसुरली पण जाते. मग आणखी जोर. थांबायचं कुठे, ते कुणीतरी सांगावं लागतं. तुला कोण सांगणार होतं?

सून : कुणीच नाही.

सासरे : आता मी सांगतो ना. ए दुकानवाल्या, ते मघाचं मेण आण. तुझं ते टर्पेंटाईन न घातलेलं.

दुकानदार : आणतो, काका. मऊ कापडही देतो बरोबर.

सासरे : कापड नको. हिच्या सासूनं जुनी चादर फाडून दिलीय मला, धुऊन धुऊन मऊ झालेली. सूनबाई, उद्यापासून कंपाउंडला हात लावायचा नाहीस. मेण घ्यायचं बोटाच्या टोकावर, आणि नुसतं फिरवायचं. हिला झोपवताना पाठीवरून फिरवतेस ना, तसं. गेलेला रंग त्यानं यायचा नाही. आहे तो राहील.

सून : आणि मी विसरले तर?

सासरे : मी आहे ना आठवण करून द्यायला. तू घासायचंस, मी शेजारी बसेन हिला घेऊन.

सून : रोज बसाल?

सासरे : रोज.

दुकानदार : हे घ्या, काका. मोठी डबी दिलीय.

सासरे : वास घेऊ? … हं. आता खरं बोलतोय हा. चल, सूनबाई, बस गाडीत. ती तिकडे पिशवी भरून बसली असेल.

सून : द्या हिला. सावकाश बसा.

सासरे : आणि ऐक.

सून : काय, बाबा?

सासरे : बसताना ती दार बघेलच, तिची नजर बारीक आहे. तू काही बोलू नकोस हं. मी सांगेन, माझ्याच हातून झालं.