पाय कुठं होता?

...नाही, पण तुम्हीच सांगा, गाडी आपली आपण पळते का कधी? बैल उधळतो, म्हैस उधळते, वरातीतली घोडीसुद्धा उधळते, पण त्याच दिवशी शोरूममधून आणलेली, चाकाखाली लिंबू आणि नाकावर कुंकवाचं स्वस्तिक घेऊन गप उभी असलेली गाडी एकदम सुटते आणि सरळ कडब्याच्या गंजीत घुसते, आणि मग आठ दिवस आमच्या वस्तीवर एकच विषय, दोष माणसाचा का इलेक्ट्रॉनिकचा, आणि ज्याला-त्याला मत आहे, जो त्या दिवशी गावात नव्हता त्यालाही आहे, फक्त मला कुणी विचारत नाही. मी शेजारीच बसले होते.

तुम्हाला सांगते काय झालं. माझ्या लग्नाला चार महिने झालेत, काष्टीजवळ आमची वस्ती, आणि मला श्रीगोंद्यात शाळेत नोकरी लागलीय. एसटीनं गेलं की पोचेपर्यंत प्रार्थना संपलेली. मोठ्या बाईंनी दोनदा बजावलंय, तिसऱ्यांदा उशीर झाला तर दुसरी कुणी बघू. म्हणून ही गाडी, आणि चालवायची मीच, लायसन आहे माझ्याकडे. पण पूजा झाल्यावर लिंबू चिरडायचा मान घरच्या कर्त्याचा, म्हणजे मामांचा, माझ्या सासऱ्यांचा. त्यांनी तीस वर्षं ट्रॅक्टर चालवलाय, गाडी कधीच नाही. आमचे हे वडिलांना म्हणाले, "दादा, मी बसू का?" तर मामा, "गियर न्हाई, क्लच न्हाई, तिच्यात चालवायचं काय हाय?" आणि चपला बाहेर काढून बसले, लक्ष्मीला चपलेचा पाय कसा लावायचा.

आता त्यांच्या ट्रॅक्टरला रेस हातानं ओढायची, आणि उजव्या पायाखाली येईल तो ब्रेक. लिंबू फुटलं, मामा थांबवायला गेले, उजवा पाय दाबला, गाडी उडाली. ती उडाली म्हणून त्यांनी आणखी जोरात दाबला, तशी ती आणखी... आत्या, म्हणजे सासूबाई, आरतीचं ताट घेऊन समोरच उभ्या होत्या, हळदीची वाटी पडली म्हणून उचलायला बाजूला वाकल्या. तेवढ्यात गाडी त्या उभ्या होत्या तिथूनच गंजीत. आणि कडब्यातून बाहेर येता येता मामांचं पहिलं वाक्य, "म्या ब्रेकच दाबला हुता."

झालं. त्या वाक्यावर आठ दिवस. शेजारचे बन्सीकाका मामांना म्हणतात, "रंभाजी, आरं मोबाईल न्हाई का खिशातल्या खिशात आपोआप कुनालाबी फोन लावत? तशीच ही." आत्या म्हणतात, लिंबं चार ठेवली, फुटलं एकच, तीन निसटून राहिली, मग काय व्हायचं. हे दिवसभर मोबाईलवर व्हिडिओ बघतात आणि सांगतात, परदेशातसुद्धा यावर लोक कोर्टात गेलेत, दोन्ही बाजूंनी बोलतात. हेही दोन्ही बाजूंनी बोलतात. जेवताना मामांच्या, खोलीत माझ्या. आणि खोलीत मी काही बोललेलीच नसते.

मग शोरूमचा माणूस आला, लॅपटॉप जोडला, आणि बिचारा खरं बोलला. "काका, यात नोंद आहे. अ‍ॅक्सिलरेटर शंभर टक्के, ब्रेक शून्य." मामा शांतपणे म्हणाले, "कुनाला इचारलंस?" "गाडीच्या कॉम्प्युटरला." "म्हंजे चोरालाच इचारलंस, चोरी कुनी केली?" त्यानं लॅपटॉप मिटला. चहा पिऊन गेला. आणि मामांनी निकाल दिला, सोमवारी गाडी परत. म्हणजे दिवाळीची सुट्टी संपून सोमवारी शाळा उघडणार तर मी एसटीत, आणि शाळेत दुसरी कुणीतरी. मी शेजारीच बसले होते, तरी.

रविवारी दुपारी मी ओट्यावर शेंगा निवडत होते. मामा आले, बसले, इकडे-तिकडे बघितलं. "सूनबाई, तू जवळ हुतीस. पाय कुठं हुता माजा?" आवाज एवढा बारीक की मला आधी कळेना हेच बोलतायत का. पुढे म्हणाले, "ती वाकली नसती तर गं..."

आता काय सांगायचं? खरं सांगावं तर हा माणूस आयुष्यभर बायकोकडे बघणार नाही. खोटं सांगावं तर माझी नोकरी गेली. मी म्हटलं, "मामा, पाय तुमचा ट्रॅक्टरवर होता. तीस वर्षं तिथंच आहे, एका दिवसात गाडीत कसा येईल?"

मामांनी शेंगा चाळल्या. दोन खाल्ल्या. उठून गेले.

संध्याकाळी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "गाडी ठेवायची. सूनबाई चालवंल. पन इलेक्ट्रॉनिकवर माजा इश्वास न्हाई, म्या शेजारी बसनार."

तेव्हापासून रोज सकाळी मी चालवते आणि मामा शेजारी. काष्टीच्या चौकात कुणी हात केला की काच खाली करून सांगतात, "नजर ठिवावी लागती, काय करता." शाळेतल्या बाया म्हणतात, किती काळजी घेतात गं सासरे. घेतात. समोरून उसाचा ट्रॅक्टर आला की त्यांचा उजवा पाय जीव खाऊन खाली जातो. तिथं पेडल नाही, नुसती चटई आहे. महिन्याभरात ती उजव्या कोपऱ्यात फाटली.

मामा म्हणतात, बघ, चटईबी खराबच दिलीय.