दिनकरचा मोकळा सायलेन्सर

आमच्या दिनकर मास्तरची गंमत ऐका. गड्यानं हौसेनं छोट्या गाडीला जाड नळीचा सायलेन्सर बसवला. मी म्हणलो, "अरे, एवढा मोकळा सायलेन्सर लावला की कमी वेगात गाडीची ओढ जाती."

तो म्हणला, "आवाज ऐक की! वाघ हाय वाघ."

दुसऱ्याच दिवशी सेलूला त्याच्या मेव्हणीचा साखरपुडा. मागं सासू, सासरे आणि वहिनी, पुढं मी, मांडीवर पेढ्यांचं खोकं. देवगाव फाट्यावरून गाडी झकास पळाली. सेलूत शिरताना पुलाच्या चढावर समोर उसाचा ट्रॅक्टर आला, दिनकरनं वेग कमी केला आणि वाघ तिथंच बसला. पहिल्या गिअरमध्ये नुसती डरकाळी, गाडी काही पुढं सरकंना.

मुहूर्त जवळ आलेला. आमी सगळे उतरलो. मी आणि सासरे घामाघूम होऊन ढकलायलोय, अन् दिनकर आतून ओरडायलाय, "जरा जोर लावा, उचलायलीय!"

सासूबाईंनी पेढ्यांचं खोकं काखेत मारलं, खिडकीशी वाकून म्हणल्या, "जावईबापू, कार्यालय पुलाखालीच हाय, मी चालत पुढं होते. तिथं आवाज येईलच तुमचा. सांगते त्यांना, जावई निघालेत म्हणून."