टीव्हीवरची मेलेली बाई

माहं माहेर भामरागडकडलं, पावसात रस्ता बुडला का कोनी येत नाई कोनी जात नाई, अन् सासर हे मुलचेऱ्याजवळचं, इथी आली तवापासून धानाचा रोवणा करून राह्यली. गुडघे गेले तशा बाया म्हनल्या, कमलबाई, तू आता चिखलात उतरू नको, धुऱ्यावर, बांधावर बस अन् आमचे लेकरं सांभाळ. मले सोतःचं लेकरू नाई भाऊ, मले तं सोनंच भेटलं.

मंग मुंबईचे टीव्हीवाले आले, जंगलातल्या पडक्या बंगल्यात शूटिंग कराले. जुन्या पुस्तकातली भुताची गोष्ट म्हनत. माहे केस तवा कमरेच्या खाली, ते पाहून मलेच धरलं, म्हने बाई, बोलाचं काई नाई, तुमी मेलेल्या आहात, खिडकीतून आत पाहाचं. मी म्हनलं, काऊन पाहाचं? तं त्याईच्या साहेबानं पुरी गोष्ट सांगतली, का आत तिचं तान्हं निजलं हाये, पावसाचं पानी आत येते, ती येते, पांघरून घालते अन् जाते, बस. पांघरून घालतानी मी खरंच रडली.

टीव्हीवर आलं तं काय सांगू तुमाले, पांघरून कापलंच, ठेवले फक्त माहे डोये अन् मोकये केस. साऱ्या गावानं पाह्यलं. दुसऱ्या दिवशी धुऱ्यावर एक लेकरू नाई. शेजारची यशोदा तं तान्हं पाठीशी बांधून तशीच चिखलात वाकली. कोनी हळूच म्हने, चेटकीन. आमच्याकडे हा शब्द हसाचा नाई भाऊ, बाईचा जीव जाते.

मी लय भेली, पन रागही आला, अन् गप बसाची मले सवय नाई. धुऱ्यावरूनच म्हनलं, आयका वं बायाहो, टीव्हीनं अर्धीच दाखवली, आता पुरी आयका. त्या रोवत राह्यल्या, मी सांगत राह्यली, पाऊस, खिडकी, पांघरून. कोनी वर पाह्यना. शेवटी यशोदाच इचारते, मंग तिनं लेकराले सोबत नेलं काऊन नाई? मी म्हनलं, माय होती वं ती, नेईल कशाले.

यशोदा वर आली, पाठीची गाठ सोडली, अन् तान्हं माह्या मांडीवर ठेवलं. माहा जीव भांड्यात पडला.

आता तो पोट्टा मोटारसायकल चालवते. ते सिरियल कोनाले याद नाई, बरंच झालं. यंदा त्याच्या बायकोनं आपलं तान्हं माह्याकडे देलं, म्हने आजी, ते पांघरुनाची गोष्ट सांगा याले. देव सुखी ठेवो साऱ्याईले. हे पाहा, अर्धी आयकूनच निजलं. निजू द्या. पुरी सांगाले मी बसलीच हाये.