मास्तरांचा घरगुती पाटा

आता तुम्हीच सांगा की! पापड घरी करावंत, कुरडया घरी कराव्यात, फार तर उदबत्त्या घरी कराव्यात... पण मोटारीचा पाटा घरी करत्यात व्हय? पाटा म्हंजे बसायचा पाट न्हवं हं, न्हाईतर म्हणशीला त्यात काय एवढं! चाकाच्या वर त्या लोखंडी पट्ट्या नसत्यात का, एकीवर एक बांधलेल्या, खड्डा आला की लवत्यात आन् धक्का गिळत्यात, त्यो पाटा! त्यो आमच्या मंगळवार पेठेतल्या दत्तोपंत मास्तरांनी घरी केला. परसात! तुळशीच्या शेजारी!

तुम्हाला सांगतो, चौऱ्याहत्तर सालची, म्हंजे गेल्याच सालची गोष्ट. मास्तर शाळेत शास्त्र शिकवायचं. माणूस देवासारखा, पण हातात पाना आला की अंगात यायचं. मामांनी देवाघरी जाताना एक विलायती मोटार ह्येंच्या गळ्यात घातलेली. इंग्रज गेलं आन् तिचं सामान बी संगट घेऊन गेलं! त्यात मागचं दोन्ही पाटं तुटलं. कोल्हापूर पालथं घातलं, पाटा मिळंना. मास्तरांची बायको प्रमोदिनीवैनी, लई स्पष्ट बाई. त्या म्हणाल्या, "भंगारात घाला."

"भंगारात? मामांची गाडी?"

"मग मामांनाच विचारा पाटे कुठं मिळतात ते!"

तेवढ्यात मास्तरांची थोरली बहीण आली, ताई. जोतिबाचा नवस फेडायचा म्हणून आली, आन् आल्या आल्या घागर उचलायला गेली ती कमरंत उसण भरली. कशी? तर अशी... काटकोनात! बोलायची ती जमिनीशीच. "दत्तू, रविवारी मला जोतिबाला गाडीतनं ने. एस्टीत मी मरीन रे!" आन् वैनींनी डाव साधला. "ताईंना धडधाकट नेऊन आणलंत तर गाडी राहील. नाहीतर सोमवारी भंगारवाला दारात!"

झालं! मास्तर पेटलं. शेजारच्या गणपतरावांचं उद्यमनगरात वर्कशॉप. मोटारीतलं त्येंना मास्तरांएवढंच कळायचं, म्हंजे काय बी न्हाई, पण हौस! ट्रकच्या जुन्या पाट्याच्या पट्ट्या आणल्या, कापल्या, परसात भट्टी पेटवली. मास्तर म्हणालं, "लोखंड लालबुंद करायचं आणि तेलात बुडवायचं. मग त्याला ताण येतो." तेल कुठलं? वैनी बाजारात गेलत्या. कोठीत दिवाळीच्या फराळासाठी गोड्या तेलाचा डबा होता... व्हय! त्यातच! चुर्रर्र! साऱ्या गल्लीत वास! गल्लीतली बायडाबाई परडी घेऊनच आली, "मास्तर, भजी काढताय व्हय?" आन् वैनी पिशवी घेऊन दारात! काय बोलल्या त्या मी सांगत न्हाई, बायाबापड्या बसल्यात हितं. पर त्येंचं बी बरोबरच की! पाटा घरी करत्यात व्हय?

मूळ पाट्यात पट्ट्या पाच. गणपतराव म्हणालं, "मास्तर, पाचावर काय थांबताय? आठ घाला की! एकदाच काय ते रट्टावून!" घातल्या आठ! गाडी जॅकवरनं खाली सोडली, तर मागनं ही अशी वर! तालमीतल्या पैलवानानं दंड मारताना बूड वर करावं तशी! आत चढायला स्टूल लागायला लागलं. गणपतरावांनी मागं चढून उड्या मारल्या. गाडी हालंना. मास्तर खूश! "बघितलंत? पोलाद!"

वैनी शांतपणे म्हणाल्या, "पण अहो, पाटा लवायला पाहिजे ना?"

"...लवेल. सवय झाली की लवेल."

सवय! नवी चप्पल हाय व्हय ती?

रविवारी निघालं. ताई मागं आडवी, वैनी तिचं डोकं मांडीवर घेऊन, गणपतराव म्होरं नारळ धरून. केर्ली गावापतोर ताई नुसती "आई गं" म्हणत हुती. जोतिबाच्या फाट्याला वळलं, चढ लागला, आन् एका वळणावर समोरनं म्हस आली. मास्तरांनी म्हस वाचवली आन् चाक घातलं खड्ड्यात. अहाहा! खड्डा कसला, हौदच! धाडकन्! पाटा काय लवला न्हाई, त्यानं सगळा धक्का प्रामाणिकपणानं वर पोचवला! गणपतरावांची टोपी खिडकीतनं गेली, नारळ आतच फुटला, आन् ताई... ताई टपाला टेकून खाली आली! एकच किंकाळी. मग चिडीचूप.

मास्तरांनी करकचून ब्रेक दाबला. मागं बघायचा धीर हुईना. "प्रमोदिनी... ताई आहे का?" वैनी नुसत्या ताईचं तोंड चाचपत हुत्या. मास्तरांचं डोळं भरलं. गाडी जाऊंदे खड्ड्यात, पाटं जाऊंदेत, आपण सख्ख्या बहिणीला मारलं! त्येंनी खाली उतरून दार उघडलं. ताई स्टुलाबिगर खाली उतरली. आन् उभी ऱ्हायली. सरळ! मास्तरांपेक्षा उंच!

"दत्तू," ताई म्हणाली, "उसण गेली रे!"

गणपतराव रस्त्यातच वराडलं, "मास्तर! गाडी पायाळू हाय!"

संपलं की वो! पायाकडनं जलमलेल्या माणसाची लाथ लागली की उसण जाते म्हणत्यात, तशी ही मोटार! सोमवारी दारात भंगारवाला यायचा, त्याच्या आधी पेठेतली धोंडुबाई वाकून उभी. मंगळवारी चांदीकाम करून पाठ धरलेलं पावणं हुपरीच्या बसनं आलं, "मास्तर, जरा खड्ड्यातनं काढा की!" आन् गाडीला नावं ठेवणाऱ्या वैनी? त्या आता दारात उभ्या! "रांगेत या. बाळंतिणी नकोत, हाड मोडलेले नकोत. फक्त उसण!"

मास्तरांच्या मात्र जीवाला लागलं. माणसं सुखानं बसावीत म्हणून जीव काढला, आन् माणसं आदळायला येत्यात! एका सुट्टीला गुपचूप दोन्ही पाट्यांतल्या तीन-तीन पट्ट्या काढल्या, कानशीनं घासल्या, ग्रीस लावलं. अन् तुम्हाला खोटं वाटंल, पाटा लवला! गाडी पाळण्यासारखी! मास्तर एकटंच रंकाळ्याला फेरी मारून आलं, लहान पोरासारखं हसत. दुसऱ्या दिवशी मलकापूरचं एक पावणं बसून फिरून आलं, उतरलं, वाकडंच! "ह्यात काय दम न्हाई राव!" गल्ली खवळली. "आमची चांगली गाडी बिघडवली!" शेवटी वैनींनीच पट्ट्या पुढ्यात आणून ठेवल्या. "घाला परत." घातल्या बिचाऱ्यांनी!

आन् आता? वैनी मोटार चालवायला शिकल्या. लांबनं खड्डा दिसला की वळवून त्यातच घालत्यात. मास्तर शाळेला सायकलनं जात्यात. मी परवा इचारलं, "मास्तर, दारात मोटार असताना सायकल?"

सीटवर हळूच टेकत मास्तर म्हणालं, "हिच्या सीटची स्प्रिंग मी केलेली नाही ना, म्हणून!"