ठिपक्यांची फरशी

चौकाखालच्या मेट्रो स्टेशनात मी गाडीची वाट बघत होतो. शेजारी पांढरी काठी घेतलेल्या एक बाई उभ्या होत्या. एक गवंडी पिशवी घेऊन आला आणि त्यांच्या पायाशी बसला.

"ताई, जरा बाजूला होता का? तुमच्या पायाखालची फरशी बदलायचीय."

"का? काय झालं तिला?"

"चुकीची बसलीय. रेघांची फरशी म्हणजे चालत राहा, ठिपक्यांची म्हणजे थांबा. इथे मधेच ठिपक्यांची आलीय."

"म्हणजे ते शहाणे तुम्हीच. पहिले आठ दिवस मी इथे थांबून काठीने जिना शोधत होते."

"त्या दिवशी रेघांच्या संपल्या होत्या. म्हटलं, कुणाच्या लक्षात येतंय."

"ज्यांच्यासाठी बसवली, त्यांच्या येतं ना."

"चुकलंच माझं. म्हणून तर बरोबरची आणलीय. सरकता?"

"मुळीच नाही. इथे उभं राहिलं की दार नेमकं समोर उघडतं. बसायला हमखास मिळतं."

"साहेबांनी आजच बदलायला सांगितलीय, ताई."

"साहेबांना म्हणावं, आधी डोळे मिटून इथवर या."

"साहेब सकाळी डोळे उघडे ठेवून चुकले. दोनदा स्टेशनच्या भलत्याच दाराने वर गेले."

गाडी आली. दार बाईंच्या अगदी नाकासमोर उघडलं. त्यांच्या मागून मीही चढलो. बसल्यावर बाईंनी हाक मारली.

"गेलात का हो, फरशीवाले?"

"नाही, शेजारीच आहे. खरंच जागा मिळते का, ते बघायला चढलो."

"मग, मिळाली?"

"मिळाली. फरशी मांडीवर घेऊन बसलोय."