काम न होता दिलेल्या सह्या

या शोकसभेला जमलेल्या काका-मावश्यांनो, राजारामपुरीतल्या दुकानदारांनो आणि उचगावहून आलेल्या आनंदकाकांच्या भाऊबंदांनो,

आज मला नीट बोलता येईल असं वाटत नाही. दुःख आहेच. पण त्याहून जास्त किळस आलीय, आणि ती लपवून मी गोड बोलणार नाही.

काकांच्या सायबर कॅफेत मी तीन वर्षं काम केलं. इंटरनेटची लाईन महिन्यातले निम्मे दिवस बंद. पोरं फॉर्म भरायला यायची आणि तशीच परत जायची. शेवटी काकांनी ग्राहक मंचात तक्रार केली. वकील न लावता, स्वतःच्या हातानं लिहून.

इंटरनेट कंपनीनं उत्तरात काय दिलं? चिठ्ठ्या. ‘दुरुस्ती झाली, ग्राहक समाधानी.’ खाली सही माझी. प्रत्येक चिठ्ठीवर माझी.

होय, मीच केल्या. कंपनीचा माणूस यायचा, तारा हलवायचा आणि म्हणायचा, आधी सही द्या ताई, साहेब खवळतोय, लाईन संध्याकाळपर्यंत येतीय. मी त्याला चहा द्यायचे आणि सही करायचे. घरातली पहिली पदवीधर मी, माझ्या सहीचं मलाच कौतुक. तुमच्या दुकानांतही हीच लाईन, तुम्हीही अशाच दिल्यात ना? उन्हातून आलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं, म्हणून? आपल्या माणुसकीचा त्यांनी आपल्याच विरुद्ध पुरावा केला. किळस येते ती याची.

मंचाबाहेर मी रडले. काका म्हणाले, “रडतीस कशाला? सही तुझी हाय, खोटं त्यांचं हाय. पुढच्या तारखेला हेच सांग की.”

त्या तारखेआधीच काका गेले. आणि त्यांच्या जलदान विधीच्या दिवशी, पंगत बसलेली असताना, कंपनीचा प्रतिनिधी दारात. त्यानं हात जोडले आणि खिशातून कागद काढला. तक्रार मागे घेतो, असा. खाली काकूंची सही हवी होती.

काकूंनी तो माझ्याकडून वाचून घेतला. मग म्हणाल्या, “पावणं, जेवून जावा. सही न्हाय मिळायची.”

तो जेवला. मान खाली घालून पोटभर जेवला आणि गेला.

तक्रार आता काकू चालवणार आहेत. वारसाला तो हक्क आहे, मी कायदा वाचलाय. येत्या मंगळवारी मी शपथेवर सांगणार आहे की मी खोट्यावर सही केली. लाज वाटेल. वाटू दे. पण एकटीचं कोण ऐकणार?

काकांसाठी दोन मिनिटं उभं राहू या. नंतर सगळे बसतील. ज्यांनी काम न होता सह्या दिल्यात, त्यांनी मात्र उभंच राहावं. मी वही घेऊन तुमच्यापर्यंत येते.